रहमाच्या घरातला शुक्रवार

नझीरा फरगने पन्नास वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप केलं आणि त्यातला एक शब्दही आपल्या मनाने बदलला नाही. याचा तिला अभिमान होता. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच, आणि तिच्याकडे मूलबाळ, घरदार, जमीनजुमला यांपैकी काही नव्हतं.

कैरोत बाब अल-खल्कच्या कोर्टामागे एक अरुंद जिना चढून गेलं की हज्ज शौकीचं टायपिंगचं दुकान लागतं. सकाळी तिथे तलाकचे अर्ज, भाडेकरूंची भांडणं, वारसदारांच्या तक्रारी. दुपार कलली की लेखक येत. लेखक ही जात मोठी संशयी, आपलं बाड कुणाच्या हाती द्यायला तयार नसते. पण नझीराच्या टेबलावर गठ्ठा ठेवला की ते निर्धास्त होत. एका कथाकाराला तर दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नसे. तो येऊन तिलाच विचारायचा की सित्त नझीरा, इथे मी काय म्हटलंय? ती सांगायची आणि तो मान डोलवायचा. साठीनंतर तिला मशिनऐवजी संगणक शिकावा लागला. आठवडाभर तिने त्याला शिव्या घातल्या आणि मग तोही मुकाट्याने शिकली.

या लेखकांपैकी कुणालाच एक गोष्ट ठाऊक नव्हती. नझीरा यहुदी होती.

तिने ते लपवलं असं काही नाही. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, झालं. नावावरून पत्ता लागत नसे. नझीरा काय किंवा फरग काय, इजिप्तमध्ये कुणाच्याही घरात निघतील. मुसलमानांना वाटे, ख्रिस्ती असेल. ख्रिस्ती शेजाऱ्यांना ती चर्चमध्ये कधी दिसत नसे, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं होतं की ही त्या दुसऱ्या, इंग्रजांच्या चर्चमधली असणार. अब्बासियातल्या तिच्या इमारतीत खाली उम्म हानी राहायची. ती दर नाताळाला न चुकता वर येऊन शुभेच्छा देई, आणि नझीरा त्या न चुकता घेई. कुणी प्रेमाने दिलेल्या शुभेच्छा परत कशाला करायच्या? हज्ज शौकीच्या वडिलांनी मात्र तिला कामावर घेताना तिचे कागद पाहिले होते. पाहून त्यांनी ते पाकिटात परत घातले आणि म्हणाले, "खिडकीजवळचं मशिन घे, तिथे उजेड बरा आहे." तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मरताना मुलाला सांगून गेले की नाही, ते देव जाणे.

तर अशा बाईच्या हाताखालून पन्नास वर्षं गोष्टी-कादंबऱ्यांतले यहुदी जात होते.

आधी सावकार आले. कोंदट दुकानात बसलेले, लांब नखांचे, विधवेची बांगडी दाताखाली चावून पाहणारे. एकाचंही नाक सरळ नव्हतं. मग इस्रायलशी लढाया झाल्या आणि सावकारांच्या जागी बायका आल्या: तांबड्या ओठांच्या, उघड्या खांद्यांच्या, अधिकाऱ्यांना दारू पाजून त्यांच्या खिशातले नकाशे काढून घेणाऱ्या. नझीरा त्या वेळी तिशीत होती. तिच्याकडे दोन स्कर्ट होते आणि त्यातल्या एकाची चेन बिघडलेली होती. ती मनाशी हसून पुढचं पान मशिनला लावी. पुढे बऱ्याच वर्षांनी वारं फिरलं आणि यहुदी गोड झाले. शेजारणीला लोणचं पाठवणारे, ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवणारे, बोटीचा कठडा धरून अलेक्झांड्रियाकडे बघत रडणारे. हे चांगल्या मनाने लिहिलेलं होतं, ते तिला कळत होतं. पण यांच्यातल्याही कुणाची दाढ दुखत नसे, कुणाला पावाच्या रांगेत उभं राहावं लागत नसे. ते कादंबरीत यायचे ते निघून जाण्यासाठीच. मागे राहिलेला यहुदी तिने एकाही पानावर टाइप केला नव्हता.

नाही म्हणायला एक शिंपी होता. कुण्या शाळामास्तरने लिहिलेली लहानशी गोष्ट होती ती, आणि त्यातल्या यहुदी शिंप्याला मूळव्याध होती. बसावं की उभं राहावं या विवंचनेत त्याची सहा पानं जातात आणि शेवटी तो उभ्यानेच नवरदेवाचा कोट शिवतो. ती गोष्ट कुठे छापून आली नाही. नझीराने तिची कार्बन प्रत घरी नेली आणि कपाटात ठेवली. तो शिंपी तिला घरच्यासारखा वाटायचा.

तिचं स्वतःचं घर म्हणजे एके काळी मुस्की बाजाराच्या पाठीमागची यहुद्यांची गल्ली. त्या गल्लीला लागून कराई लोकांची बोळ होती, तिथे तिसऱ्या मजल्यावर. कराई म्हणजे यहुद्यांमधलाच एक छोटा पंथ. धर्मग्रंथात लिहिलंय तेवढंच मानणारा, त्यावरची पुढच्या रब्बींची, म्हणजे धर्मपंडितांची, भाष्यं न मानणारा. रब्बीवाल्यांशी त्यांचे सण जुळायचे नाहीत, सोयरीक जमायची नाही, आणि दोघं एकमेकांबद्दल घरात जे बोलायचे ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. रब्बीवाल्यांच्या घरी शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागायचे. कराई घरात नेमकं उलटं. शब्बाथला घरात आग नको असं लिहिलंय, मग दिवा तरी कसा चालेल? शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी नझीराची आई, रहमा, स्टोव्ह विझवायची, दिवा विझवायची, आणि शनिवारी संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत घर काळोखात असायचं.

रहमाचा नवरा चांदीकाम करायचा. तो लवकर गेला. मागे राहिल्या दोन मुली, थोरली नझीरा आणि तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान मलका. रहमाने रजया शिवून त्यांना वाढवलं. मग एकेक घर रिकामं व्हायला लागलं. छप्पन साली नझीराचा ठरलेला नवरा आईबापांबरोबर गेला. दोन वर्षं त्याची पत्रं आली आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या लग्नाचा फोटो आला. सदुसष्टच्या लढाईत मलकाच्या नवऱ्याला पकडून नेलं. तीन वर्षांनी सुटला तो थेट विमानतळावर, आणि मलका त्याच्या पाठोपाठ कॅलिफोर्नियाला. रहमा मात्र हलायला तयार नव्हती. नवऱ्याला बसातीनच्या कबरस्तानात पुरलंय, त्याला कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ, हा तिचा एकच हेका. आईला टाकून नझीरा जाणार नव्हती. चौऱ्याहत्तर साली रहमाही बसातीनला गेली. मातीला चार माणसं होती: नझीरा, प्रार्थनालयाचा म्हातारा राखणदार आणि खड्डा खणणारे दोघे. त्यानंतर जायला कुणाची आडकाठी नव्हती, पण मग जाण्यातही काही राम उरला नाही.

उस्ताद वगीह अब्दुल-बर दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा नझीरा सत्तरीची होती आणि तो साठीला टेकला होता. नाव असलेला लेखक. पण गठ्ठा टेबलावर ठेवताना परीक्षेचा पेपर देणाऱ्या मुलासारखा घाबरलेला. बरोबर बसबूशाचा, रव्याच्या मिठाईचा, डबा. नवी कादंबरी यहुद्यांवर आहे, त्याने आपण होऊन सांगितलं. त्यांना ना राक्षस केलंय ना देवदूत, माणसं म्हणून लिहिलंय. नझीराने मान डोलवली. हे वाक्य तिने आधीही ऐकलं होतं.

पण तिसऱ्या प्रकरणाला तिची बोटं अडखळली. बोळीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं दुकान. आतल्या चौकात गोडं पाणी न देणारी विहीर. तिसऱ्या मजल्यावर रजया शिवणारी विधवा, कादंबरीत तिचं नाव उम्म मूसा, आणि तिच्या दोन मुली. थोरली हाडकुळी, सदा पुस्तकात नाक खुपसलेली. म्हणजे वगीह हा त्या इस्त्रीवाल्याचा मुलगा. त्या दिवसांनंतर जन्मलेला, सगळं बापाच्या तोंडून ऐकलेला. नझीरा ते पान तीनदा वाचत बसली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिने अशा यहुदी मुलीबद्दल टाइप केलं होतं जिला सर्दी झालेली होती. ती सर्दी तिला आठवत होती. त्या दिवशी ती घरी चालत गेली आणि वाटेत स्वतःसाठी पाव किलो जर्दाळू घेतले.

नवव्या प्रकरणात दिवा आला.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा, इस्रायलशी पहिली लढाई. शहरभर दिवे बंद, खिडक्यांना निळे कागद. शुक्रवारची संध्याकाळ. इस्त्रीवाला दुकानाच्या पायरीवर बसलाय आणि त्याला दिसतं की तिसऱ्या मजल्यावर उम्म मूसाने शब्बाथचा दिवा लावलाय. मग तो दिवा खिडकीत येतो. वर जातो, खाली येतो. तीनदा. तासाभरात विमानं येतात आणि दोन गल्ल्या पलीकडे घरं कोसळतात. पुढच्या प्रकरणात उम्म मूसा मुलींना घेऊन सीमेपलीकडे पसार होते.

नझीरा ओळ अर्धवट सोडून उठली. हज्ज शौकीला म्हणाली डोकं दुखतंय, आणि ट्राममध्ये न बसता घरापर्यंत पायी गेली.

सावकार आणि हेर बायका यांचं तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. ती माणसं कुणाचीच नव्हती. ही तिची आई होती. ज्या बाईने मरेपर्यंत कैरो सोडलं नाही ती इथे रातोरात पळत होती, आणि जिच्या घरात शुक्रवारी काडी ओढली जात नव्हती ती दिव्याने विमानांना खुणा करत होती. रहमाच्या मागे जे उरलं ते नझीरा होती. नझीराच्या मागे हे पुस्तक उरणार होतं. इजिप्तमध्ये रहमा नावाची बाई कशी होती हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि नझीराने तोंडात मिठाची गुळणी धरली तर तो दिवा कायमचा आईच्या हातात राहणार होता. बोलायचं तर मग सगळंच बोलावं लागणार. पाच दिवस ते नववं प्रकरण तिच्या टेबलावर तसंच पडून होतं.

गुरुवारी वगीह पुढची पानं घेऊन आला. दुकानात शौकी नव्हता. नझीराने चहा करून त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"उस्ताद, हा दिवा काढा."

वगीहला वाटलं, ओळ लागली नसेल. "कुठला?"

"उम्म मूसाचा. ती बोळ कराई लोकांची. त्यांच्यात शब्बाथला दिवा लावत नाहीत. आधी लावलेलाही ठेवत नाहीत. शुक्रवारी त्या घरात उजेड दिसणं शक्यच नाही."

"असं कसं म्हणता? आमची आजी स्वतः शुक्रवारी जायची यहुद्यांच्या घरी. त्यांच्या दिव्याची वात खालीवर करून द्यायला, त्यांना त्या दिवशी आगीला हात लावायचा नसतो म्हणून."

"ती रब्बीवाल्यांकडे जात असेल. आमच्याकडे तेही चालायचं नाही."

वगीहने कप खाली ठेवला. "तुमच्याकडे?"

"तिसरा मजला," नझीरा म्हणाली. "ती सर्दी झालेली मुलगी मी. तुमचे वडील आमच्या रजयांच्या खोळींना इस्त्री करून द्यायचे आणि कोपरे हटकून करपवायचे."

 वगीहने चष्मा काढला आणि तो खरोखर रडला. तिचा हात कपाळाला लावला. आम्ही काय काय लिहिलं आणि तुम्हीच ते टाइप करत बसलात, असं काहीबाही बोलत राहिला. ती म्हणाली, तो माझा धंदा. मग तो शांत झाला, खिशातून वही काढली आणि त्याने विचारलं, "तुम्ही अंधारात करायचात काय?"

हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

ती बोलायला लागली ती तीन गुरुवार बोलत होती. द्राक्षाच्या पानात भरलेला गार भात चाचपडत खायचा, कुणाच्या वाट्याला किती पानं आली ते कुणाला कळायचं नाही, त्यामुळे भांडणं नाहीत. जिन्यावर पाय वाजला की कोण आलं ते ओळखायचं. दोघी बहिणी दिवा नसताना तीन मजले धावत चढायच्या, पायरी चुकायची नाही. मधूनच आई हात लांब करून एकेकीच्या डोक्याला लावायची, दोघी जागेवर आहेत ना बघायला. लढाईच्या त्या उन्हाळ्यात शहरभर काळोख झाला तेव्हा शेजारपाजारची मुलं भेदरली, पण या दोघींना काही फरक पडला नाही. आई म्हणाली होती, बरं झालं, या शुक्रवारी अख्खं कैरो कराई झालं. हे ऐकून वगीह पोट धरून हसला आणि त्याने ते लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर ते तीन गुरुवार नझीराच्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. एकट्या माणसाला बोलायला कुणी मिळत नाही असं नाही. पाववाला असतो, शेजारीण असते, रक्तदाब बघणारा डॉक्टर असतो. त्याला विचारणारं कुणी मिळत नाही. तिने पेटीतला मोरपंखी स्कार्फ काढला. तिसऱ्या गुरुवारी पहाटे उठून द्राक्षाची पानं भरली आणि डबा घेऊन आली; वगीहने उभ्या उभ्या नऊ खाल्ली. शौकीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. उस्ताद येतात त्या दिवशी सित्त नझीराचं काम दुपटीने उरकतं, मी त्यांना रोज बोलावू का, असं तो टोमण्यात बोलला, आणि या वयात नझीराचे कान तापले.

मग महिनाभर वगीह आला नाही. आला तो नववं प्रकरण नव्याने लिहून. फार घाईत होता. पानं हातात देताना एवढंच म्हणाला की तुमच्यामुळे हे माझं सर्वांत चांगलं प्रकरण झालंय.

दिवा गेला होता. तिने आधी तेच पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग ती वाचायला लागली.

"त्या उन्हाळ्यात सगळी गल्ली अंधारात राहायला शिकली. एका घराला ते शिकावं लागलं नाही. उम्म मूसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शुक्रवारी काळोख असे, आणि त्या काळोखात काय चालतं ते शेजाऱ्यांपैकी कुणाला माहीत नव्हतं. तिच्या मुलींना पायरी न बघता जिना चढता येई. तिलाही येत असणार. त्या संध्याकाळी तिने हात लांब करून दोघींच्या डोक्यांना लावला, त्या जागेवर आहेत याची खात्री केली, आणि ती उठली. ती गच्चीवर गेली ते कुणालाच कळलं नाही. इस्त्रीवाल्याला फक्त वर, टाकीपाशी, काहीतरी तीनदा चमकल्यासारखं दिसलं."

नझीराने ती पानं खाली ठेवली. तिला राग आला नाही. आधी लाज वाटली, कपडे फेडल्यासारखी. आईचा तो हात तिने साठ वर्षं कुणाला दाखवला नव्हता.

वगीह पुढच्या गुरुवारी आला तेव्हा तिने पानं न टाइप करताच त्याच्यापुढे सरकवली.

"मी हे सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"सित्त नझीरा, ही कादंबरी आहे. उम्म मूसा म्हणजे तुमची आई नाही. नाव बघा ना, कुठे तुमच्या आईचं नाव आहे?"

"आणि तो अंधार?"

"अंधार तुमचाच. म्हणून तर तो खरा वाटतो." तो मनापासून बोलत होता. "दिवा खोटा होता, तुम्ही म्हणालात, काढला. पण काहीतरी चमकलेलं माझ्या बापाने पाहिलं होतं. मरेपर्यंत सांगत होता. त्या रात्री त्याचा भाऊ ढिगाऱ्याखाली गेला. तुम्हाला तुमची आई, मला माझा बाप. मी माझ्या बापाला खोटं पाडू का?"

 त्याच्या जागी ती असती तर तिनेही बापालाच खरं केलं असतं, हे तिला दिसत होतं, आणि तेच जास्त लागत होतं. माझे डोळे दुखतात, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, एवढंच ती म्हणाली. शौकीने ते काम दुसऱ्या संगणकावरच्या नव्या मुलीला दिलं. त्या मुलीने दोन दिवसांत सगळं संपवलं आणि दुपारी नझीराला सांगितलं की तो गच्चीवरचा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला.

पुस्तक हिवाळ्यात आलं आणि गाजलं. यहुद्यांकडे माणूस म्हणून पाहणारी कादंबरी असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. उम्म मूसाला सर्दी झालेली मुलगी होती, करपलेल्या खोळी होत्या, विनोदबुद्धी होती. अख्खं कैरो कराई झालं हे वाक्य लोकांना फार आवडलं. वगीह स्वतः प्रत घेऊन दुकानात आला आणि शेवटचं पान उघडून त्याने तिच्यापुढे धरलं. तिथे छापलं होतं: कराई बोळीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या सित्त नझीरा फरग यांचे आभार. त्या घरातला अंधार त्यांनी मला सांगितला नसता तर ही कादंबरी उभी राहिली नसती.

तिचं नाव पहिल्यांदाच छापून आलं होतं. वगीहचा चेहरा इतका आनंदी होता की तिला शुक्रन म्हणावंच लागलं.

त्यानंतर शौकी तिच्याशी जपून बोलायला लागला. टोमणे बंद झाले, चहा स्वतः आणून द्यायचा, आणि त्याच्या त्या सौजन्याने तिला दुकानात परक्यासारखं वाटायचं. ते शेवटचं पान उम्म हानीच्याही कानावर गेलं, आणि नाताळाला ती वर आली नाही. रागाने नव्हे, आता हिला कुठल्या दिवशी काय म्हणायचं हे तिला कळेना, आणि विचारायची लाज वाटली. दोन दिवसांनी जिन्यात भेटली तेव्हा तिने भाजीचे भाव काढले.

मार्चमध्ये एका दुपारी मलकाचा फोन आला. वर्षाकाठी दोनतीनदा यायचा, सणासुदीला. त्या दिवशी सण नव्हता.

"ते पुस्तक आलंय इथे," मलका म्हणाली. "कुणाचा तरी पुतण्या कैरोहून घेऊन आला. सगळे म्हातारे आळीपाळीने वाचतायत."

"तू वाचलंस?"

"वाचलं. वाचताना मला काही वाटलं नाही गं. म्हटलं, असेल कुणी उम्म मूसा. बोळीत रजया शिवणाऱ्या काय आपली एकटी आईच होती? अशी पुस्तकं खूप येतात, आपण कुणाकुणाचं तोंड धरणार." मलका थांबली. "मग शेवटचं पान आलं."

नझीराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं नाव, बापाच्या नावासकट. मजला पण दिलाय. आता इथे सगळ्यांना कळलं ती कोण. शनिवारी प्रार्थनालयात दोघीजणी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यातली एक तर आईच्या हाताखाली टाके शिकलेली. मला विचारते, मलका, रहमा खरंच गच्चीवर जायची का गं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, नाही हो, काहीतरीच. ती घरातच असायची, आमच्याजवळ."

"बरोबर सांगितलंस."

"त्या म्हणाल्या, तू तेव्हा सहा वर्षांची. तुला काय आठवणार? नझीरा मोठी होती, तिला ठाऊक असेल." मलकाचा आवाज बारीक झाला. "म्हणाल्या, नझीरानेच तर सांगितलंय."